सदतीस खडपं

सदतीस खडपं भिकाजीला तोंडपाठ होती आणि स्वतःच्या लग्नाची तारीख एकदाही आठवली नव्हती, असं त्याची बायको मथुरा चारचौघांत सांगायची. त्यात खोटं काही नव्हतं. देवबागच्या किनाऱ्यापासून आत दर्यात पाण्याखाली जिथे जिथे खडक आहेत आणि त्यांच्या कपारींत तांबोशी नि गोबरा हे मासे धरून राहतात, त्या जागा म्हणजे ही खडपं. वरून बघाल तर सगळीकडे सारखंच पाणी. निवतीच्या दीपगृहामागे अमुक डोंगराची खाच आली आणि उत्तरेला किल्ल्याचा बुरूज सुरूच्या झाडांआड गेला की नांगर सोडायचा; एक खडप सापडलं. अशी सदतीस. भिकाजीला ती बापाने दिली, बापाला त्याच्या चुलत्याने. देताना होडीत दोघेच असायचे. तिसरा माणूस नाही, कागद नाही, पेन्सिल नाही. गाबित मच्छीमारांच्या घरात बायकोला एक वेळ दागिना मिळेल, खडप मिळणार नाही.

भिकाजी तांडेल होता. होडी कुठे न्यायची, गळ कुठे सोडायचे, परत कधी फिरायचं, हे तांडेल ठरवतो. होडी मात्र त्याची नव्हती. ती त्याच्या धाकट्या चुलतभावाची, सत्यवानाची. दोघांची घरं एकाच वाडीत, मधे फक्त एक माडांची रांग आणि सत्यवानाने पर्यटकांसाठी बांधलेल्या तीन खोल्या. सत्यवानाचा बाप तो आठ वर्षांचा असताना गेला, तेव्हापासून त्याला पोहायला, वल्हवायला, वारा ओळखायला भिकाजीने शिकवलं. खोल्यांवर सत्यवानाचं बरं चाललं होतं, त्याच्या बायकोच्या, सावित्रीच्या हातच्या माशांची इंटरनेटवर तारीफ होती, आणि होडीवर भिकाजी होता. दोघांनाही एकमेकांवाचून अडत होतं, आणि अडतं याची दोघांनाही लाज नव्हती.

चार वर्षांपूर्वी भिकाजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. ऑपरेशननंतर जवळचं स्वच्छ दिसू लागलं, पण लांबच्या डोंगराची खाच काही पहिल्यासारखी दिसेना. तेव्हा सत्यवान म्हणाला, "दादा, आता ही खडपां जीपीएसात घालूया. उद्या तुका काय झाला तर सगळी तुझ्यावांगडा जातली."

भिकाजी आठ दिवस त्याच्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी सकाळी आपणच होडीत जाऊन बसला. पुढचे अकरा दिवस दोघे दर्यात हिंडले. भिकाजी खुणा जुळवायचा, "हयसर," म्हणायचा, आणि सत्यवान हातातल्या यंत्राचं बटण दाबायचा. शेवटचं खडप दिलं तेव्हा भिकाजीचे डोळे भरून आले होते. आपण खडपं यंत्राला दिली असं त्याला एकदाही वाटलं नाही. ती त्याने सत्यवानाला दिली होती, आणि बापाने आपल्याला दिली त्याहून जास्त विश्वासाने दिली होती.

आता यंत्राचा काय भरवसा, खारं पाणी शिरलं की संपलं. म्हणून सत्यवानाने ती सगळी घरच्या कॉम्प्युटरमध्ये उतरवून ठेवली. हा कॉम्प्युटर म्हणजे मालवणात बंद पडलेल्या एका सायबर कॅफेतून उचललेलं धूड. नकाशाचा जो प्रोग्राम जीपीएसच्या तारेशी बोलायचा तो नव्या कॉम्प्युटरवर चालत नव्हता, म्हणून जुन्याला मरण नव्हतं. त्याच्या आतली सिस्टीम इतकी जुनी, की जिने ती बनवली त्या कंपनीनेच तिला टाकलं होतं. सुरू केला की पडद्यावर पाटी यायची, की या सिस्टीमला आता आमच्याकडून संरक्षण मिळणार नाही, नवीन घ्या. सत्यवान ती पाटी रोज सकाळी मिटवायचा. कुणी टोकलं तर म्हणायचा, "जुनाट आसा ताच बरा. असल्या डबड्यात कोण बघूक येतलो?" दसऱ्याला त्याला झेंडूची माळ घालायचा, हळदकुंकू लावायचा. त्याच कॉम्प्युटरवर तो पाहुण्यांची आधारकार्डं उतरवून ठेवी, आणि ज्या वायफायवर तो चाले तेच वायफाय तिन्ही खोल्यांतल्या पाहुण्यांना. पासवर्ड दारावर खडूने लिहिलेला. जे लोक खडप तोंडातून जाऊ नये म्हणून झोपेतसुद्धा ओठ मिटून झोपतात, त्यांनी ती अशी उघड्या दारात ठेवली होती. कारण त्यांच्या लेखी गुपित जायला दारं दोनच, तोंड आणि कान.

यंदा नारळीपौर्णिमेला नारळ सोडून होडी दर्यात गेली. पहिल्या खडपावर दोन मोठ्या बाहेरच्या बोटी उभ्या. आसपास नाही, थेट वर. दुसऱ्या दिवशी तो बापाने शेवटी दिलेल्या, सगळ्यात लांबच्या खडपावर गेला, तर तिथेही नांगर टाकून माणसं गळ सोडतायत. एखादं खडप कुणाच्या नशिबाने सापडू शकतं. पण चार दिवसांत अकरा खडपं बघितली आणि अकराही जागी कुणी होतं किंवा नुकतंच होऊन गेलेलं होतं. ज्या कपारींतून तो वर्षाला मोजून मासा काढायचा, पिल्लं सोडून द्यायचा, तिथे गळाला आता काही लागेना.

चौथ्या दिवशी संध्याकाळी होडी ओढून झाली, खलाशी घरी गेले, आणि सत्यवान वाळूत उभा राहिला.

"दादा, खडपां दोन जागी होती. एक तुझ्या डोक्यात आणि एक माझ्या खोक्यात. खोक्याक तोंड नाय."

भिकाजीला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"आणि माका आसा?"

"तुका जावय आसा," सत्यवान म्हणाला.

भिकाजीचा जावई दीपेश गोव्याकडच्या एका मोठ्या बोटीवर इंजिन सांभाळायचा. मे महिन्यात तो सासुरवाडीला आठ दिवस राहून गेला होता. त्या आठ दिवसांत सासरा-जावयात दर्याबद्दल अवाक्षर निघालं नव्हतं. दीपेश फणस खात होता आणि मोबाइलवर क्रिकेट बघत होता. पण हे सांगून पटणार कुणाला? भिकाजीने सांगितलंच नाही. त्याला राग यायला हवा होता, त्याऐवजी लाज वाटली, जशी आपणच काहीतरी केलंय. तो नुसता म्हणाला, "सत्या, तू माका ओळखतंस."

"ओळखतंय म्हणानच इतके दिस विचारूक नाय," सत्यवान म्हणाला, आणि गेला.

वाडीत गोष्ट पसरायला कितीसा वेळ. खडप फोडणं म्हणजे आमच्याकडे घर फोडण्यापेक्षा वाईट, कारण त्या खडपांवर फक्त एक होडी नाही, होडीवरची आठ घरं जगतात. गाव जमला आणि ठरलं की पुढच्या सोमवारी भिकाजीने रवळनाथाच्या देवळात प्रमाण करायचं. प्रमाण म्हणजे देवाच्या उंबऱ्यावर हात ठेवून शपथ घ्यायची, आणि मग सव्वा महिना थांबायचं. त्या सव्वा महिन्यात शपथ घेणाऱ्याने दर्यात पाय घालायचा नाही, त्याच्या घरचं पाणी कुणी प्यायचं नाही. त्या मुदतीत त्याच्या घरावर काही संकट आलं तर देवाने उत्तर दिलं असं समजायचं. नाही आलं तर माणूस खरा.

सोमवारी भिकाजी आंघोळ करून गेला. देऊळ भरलेलं. सत्यवान समोरच होता, खांबाला टेकून. भिकाजीने उंबऱ्यावर उजवा हात ठेवला आणि म्हणाला, "एक जरी खडप मी कोणाक सांगलेला आसात, तर देवा, माझ्या घराकडे बघ." आवाज कापला नाही. हात उचलल्यावर त्याने सत्यवानाकडे बघितलं. सत्यवानाने मान खाली घातली. भिकाजीला वाटलं, याला वाईट वाटतंय. त्या मान खाली घालण्याचा त्याने किती चांगला अर्थ लावला होता हे पुढे आठवलं की त्याला स्वतःचीच चीड यायची.

मग दिवस सुरू झाले. होडीवर सत्यवान स्वतः तांडेल म्हणून जाऊ लागला. समोरून येणारा माणूस भिकाजीला टाळायचा नाही, पण थांबायचाही नाही. ज्या सावित्रीने मथुरेबरोबर वीस वर्षं पापड लाटले, ती कुंपणापलीकडून "बरा मगे?" एवढं विचारून आत वळायची. भिकाजी ओटीवर बसून जुनी जाळी दुरुस्त करायचा, फाटलेली नव्हती ती सुद्धा. मथुरा म्हणायची, "सव्वो म्हयनोच तर आसा. देव आसा मां!" देव होता हे खरं. पण प्रमाणानंतर सहाव्या दिवशी मथुरा विहिरीपाशी शेवाळावरून घसरली आणि तिचा उजवा हात मनगटात मोडला.

भाद्रपदाच्या तोंडावर देवबागात शेवाळ कुठे नसतं? दरवर्षी कुणी ना कुणी पडतं. पण त्या दिवशी दुपारपर्यंत अख्ख्या वाडीला कळलं होतं की देवाने बघितलं. मालवणच्या दवाखान्यातून प्लास्टर घालून दोघं रिक्षाने परत आली, तेव्हा नाक्यावर बसलेल्या चारजणांचं बोलणं थांबलं. कुणी विचारलं नाही, कसं झालं म्हणून. मथुरा रिक्षातून उतरताना हळूच म्हणाली, "अहो, तुम्ही खरांच कोणाक सांगूक नाय मां?"

 हे भिकाजीला सत्यवानाच्या बोलण्यापेक्षा, देवळातल्या गर्दीपेक्षा जास्त लागलं. ती लगेच रडायला लागली, प्लास्टरचा हात छातीशी धरून म्हणाली की माझं डोकं फिरलं, तोंडातून गेलं. त्याने तिला आत नेलं, अंथरुणावर टेकवलं आणि चुलीपाशी जाऊन पेज केली. जेवला मात्र नाही.

दोन दिवसांनी एक मुलगी आली. पँट, शर्ट, पाठीला सॅक, स्कूटर बाहेर लावून थेट ओटीवर चढली. "भिकाजीकाका तुम्हीच ना? मी तेजस्वी. कुडाळची. मालवणात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करतंय." असं म्हणत ती मथुरेकडे वळली, "काकी, पाणी देशात? उन्हान जीव गेलो."

मथुरा डाव्या हाताने तांब्या घेऊन आली खरी, पण देईना. म्हणाली, "चेडवा, आमच्या घरचा पाणी सध्या कोण पीत नाय."

"कळला माका ता. आत्ताच सावित्रीकाकींनी सांगितल्यानी," असं म्हणून तिने तांब्या घेतला आणि घटाघटा रिकामा केला. 

मग तेजस्वीने जे सांगितलं ते असं. प्रमाणाच्या आधीच्या शनिवारी सत्यवानाने तिला बोलावलं होतं, कॉम्प्युटर फार अडकतो म्हणून. तिने उघडून बघितलं तर आत एक परका प्रोग्राम चालू. तो सतरा जूनला आत शिरला होता, त्याच वायफायवरून. "काका, ही सिस्टीम कंपनीने सोडून कितीतरी वर्षं झाली," ती ऑफिसच्या मराठीत शिरली, कारण हे मालवणीत तिला कुणी शिकवलं नव्हतं. "अशा सिस्टीममध्ये नवीन भोकं सापडत राहतात, पण बुजवायला कोणी नसतं. चालू सिस्टीमचं भोक सापडलं की कंपनी अपडेट पाठवून बुजवते. हिचं कोण बुजवणार? आणि कुठलं भोक कुठे आहे, त्यातून आत कसं शिरायचं, हे सगळं इंटरनेटवर लिहिलेलं आहे. त्याच वायफायवर बसलेल्या माणसाला दहा मिनिटं पुरतात. पासवर्ड लागत नाही, हात लावावा लागत नाही, खोलीतून उठावंही लागत नाही."

"आणि आमची खडपां?"

"'खडप' नावाचं फोल्डरच होतं. पहिलं तेच नेलं, मोठ्या बोटवाल्यांना विकलं असणार. मग पाहुण्यांची आधारकार्डं नेली, सगळी."

सतरा जून. भिकाजीला आठवलं. मासेमारी बंद, धो धो पाऊस, आणि तीन नंबरच्या खोलीत एकटाच उतरलेला तो पाहुणा. चार दिवस राहिला, एकदाही किनाऱ्यावर गेला नाही, ओटीवर बसून मांडीवरचा लॅपटॉप बडवत असायचा. माशांवर लिहितो म्हणाला होता, आणि माशांबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. भिकाजीला तेव्हा तो मोठा शहाणा वाटला होता, कारण उगाच चौकशा करत नाही.

"तू ह्या सत्यवानाक सांगलंस?" भिकाजीने विचारलं.

"तेव्हाच सांगलंय. लिहूनसुद्धा दिलंय." तिने सॅकमधून दुकानाचा कागद काढला. वर तारीख, खाली दोन ओळींत काय सापडलं ते, कॉम्प्युटर वायफायवरून ताबडतोब काढावा, पोलिसांत कळवावं अशी सूचना. आणि त्याखाली सत्यवानाची सही. ती सही भिकाजीला चांगली ओळखीची होती. शाळेत जायच्या वयात त्यानेच त्याचा हात धरून ती गिरवून घेतली होती. "आज मी तो कॉम्प्युटर वायफायवरून काढला की नाय ता बघूक इलंय. काढूक नाय. आणि काकींनी मोठ्या कौतुकान माका तुमची गजाल सांगितल्यानी. माका आधी वाटला, ही दुसरीच कायतरी गोष्ट आसा."

शनिवारी कळलं होतं. प्रमाण सोमवारी झालं होतं.

भिकाजीने कागद दोनदा वाचला. मग त्याची घडी करून खिशात ठेवली. मथुरा भिंतीला टेकून उभी होती. तेजस्वीला काय करावं कळेना, ती म्हणाली, "तो तुमच्याकडेच ठेवा, दुकानात माझ्याकडे दुसरी प्रत आसा," आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी हरितालिकेच्या गडबडीत सगळ्या बायका देवळात असताना भिकाजी सत्यवानाच्या घरी गेला. सत्यवान गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या चौकटीला, माटवीला, आंब्याच्या डहाळ्यांचे टाळे बांधत होता. भिकाजीने खिशातला कागद त्याच्यासमोर धरला. सत्यवानाने वाचला नाही. त्याची गरज नव्हती.

"बस, दादा."

"बसूक नाय इलंय. तुका शनिवारी कळला. मगे सोमवारी माका देवळात कित्याक उभो केलंस?"

सत्यवान बराच वेळ टाळ्याची पानं सारखी करत राहिला. मग एकदम बोलायला लागला, जसं कुणी विचारायचीच वाट बघत होता. पाहुण्यांची आधारकार्डं गेली आहेत. पोलिसांत गेलो तर खोल्यांना कुलूप. इंटरनेटवर नाव गेलं तर दिवाळीत कोण येईल? सगळा गाव बोलावून झाला होता, आता काय सांगणार, की माझ्याच डबड्याने घात केला? सावित्रीला काय तोंड दाखवणार? होडीवरच्या आठ घरांना काय तोंड दाखवणार?

"आणि माझा तोंड?" भिकाजी म्हणाला.

तेव्हा सत्यवानाने जे उत्तर दिलं, ते त्याने अगदी मनापासून दिलं, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. "दादा, माका म्हायत होता तू खरो आसस. म्हणानच माका भिया वाटूक नाय. खऱ्या माणसाक प्रमाण बाधणा नाय. तू खोटो आसतंस, तर मी तुका त्या उंबऱ्यार हात ठेवूक दिलंय नसतंय."

भिकाजीला वाटलं, याला आत्ता इथे एक ठेवून द्यावी. ज्या हाताने याला पोहायला शिकवलं त्याच हाताने. पण हात उठेना.

"मथुरेचो हात मोडलो, सत्या."

"तो शेवाळार घसरान मोडलो, दादा. देवान मोडूक नाय."

"ता तुका म्हायत. गावाक कोण सांगतलो?"

सत्यवान खाली वाकला आणि भिकाजीच्या पायांना हात लावला. "चतुर्थी होवंदे. गणपतीपुढे सगळ्यांदेखत मी सांगतंय. दुर्वांची शपथ. आज नको, घरात देव येतलो आसा."

आणि भिकाजीने ते मानलं. का मानलं, असं कुणीही विचारील. मथुरेनेही रात्री विचारलं. तर पन्नास वर्षांची सवय. ज्या पोराला पाठीवर घेऊन तो खाडी पोहून गेला, ते पोर खोटं बोलेल हे कालपर्यंत त्याला ठाऊक नव्हतं, आणि एका दिवसात ते शिकण्याचं त्याचं वय नव्हतं. वरून सुटका झाल्यासारखंही वाटलं. उद्या सगळं धुऊन निघेल, म्हणाला तो मथुरेला.

त्यांचा गणपती एकच. सगळे चुलतभाऊ सत्यवानाच्या म्हणजे मूळच्या घरी जमतात, मुंबईचे, पुण्याचे, गोव्याचे. चतुर्थीला दुपारी आरती झाली तेव्हा घरात साठ-सत्तर माणसं होती, वाडीतलीही होती. भिकाजी आणि मथुरा ओटीच्या खालच्या पायरीवर उभी होती, कारण मुदत अजून संपली नव्हती. आरती संपली आणि सत्यवानाने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.  मथुरेने डाव्या हाताने त्याच्या सदऱ्याची कड धरली.

"सगळ्यांका म्हायत आसा यंदा काय झाला ता," सत्यवान म्हणाला. आवाज भरून आला होता, खोटा नव्हता तो, तेच तर वाईट. "पण आज देव घरात आसा. दादा माका बापाच्या जागी आसा. मी आजपासून सगळा विसारलंय. दादाक मी माफ केलंय. सव्वो म्हयनो बियनो काय नको. दादा, वर ये. उद्यापासून होडयेर पण तूच."

लोक हेलावले. कुणीतरी म्हणालं, याला म्हणतात मन. मुंबईच्या एका भावाने डोळे पुसले. सावित्री मथुरेला वर घ्यायला दोन पायऱ्या उतरून आली, आणि तिच्या तोंडावर खरोखरचा आनंद होता, कारण बिचारीला अजूनही काही ठाऊक नव्हतं. सत्यवानाने भिकाजीचा हात धरून त्याला माटवीखाली नेलं.  अगदी हळू, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं तो म्हणाला, "दादा, ह्येतच सगळ्यांचा बरा आसा. माझा आयक."

भिकाजीला त्या क्षणी कळलं, की खडपं जूनमध्येच गेली होती आणि त्याचं त्याला आता इतकं काही वाटत नव्हतं. गेलं होतं ते दुसरंच काहीतरी, आणि ते आत्ता, सगळ्यांच्या कौतुकाच्या नजरांखाली गेलं.

"घाल मगे गाऱ्हाणा, दादा," एक चुलतभाऊ म्हणाला. "तूच वडील."

गाऱ्हाणं म्हणजे घरातल्या वडिलाने देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचं, आणि प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून रुकार द्यायचा. भिकाजीने नारळ हातात घेतला. डोळे मिटले नाहीत.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाशी जमली आसत..."

"व्हय म्हाराजा!" साठ-सत्तर गळे.

"कोण मुंबयसून इलो, कोण गोव्यासून इलो, तेंका सगळ्यांका सुखान ठेव..."

"व्हय म्हाराजा!"

"होडयेक, जाळ्याक बरकत दी..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घरातल्या कॉम्प्युटरात आमची सदतीस खडपां होती. ती जून म्हयन्यात तीन नंबरच्या खोलीतल्या पावण्यान थयसून चोरल्यान..."

"व्हय म्हा..." सवयीने निघालेला शब्द अर्ध्यातच पडला.

"ही गोष्ट सत्यवानाक माझ्या प्रमाणाच्या दोन दिस आधी कळली. तशी तेना सही केल्यान, ती माझ्या खिशात आसा. आणि तरीय तेना माका रवळनाथाच्या उंबऱ्यार हात ठेवूक लावल्यान. आज तो माका माफ करता. देवा म्हाराजा, ह्यात एक अक्षर खोटा आसात, तर हयसरच माझी जीभ झडान पडांदे."

 ज्याने डोळे पुसले होते तो भाऊ समईकडे बघू लागला. ज्यांची पोरं सत्यवानाच्या खोल्यांवर कामाला होती ते जमिनीकडे बघू लागले. सणाचा दिवस होता, जेवणाची पानं मांडून झाली होती, आणि कुणालाही ही गोष्ट ऐकलेली नको होती. भिकाजीला आधी वाटलं की त्यांना समजलं नाही. मग त्यांची तोंडं बघून कळलं की सगळ्यांना समजलंय.

मागे बायकांच्या गर्दीतून प्लास्टर घातलेला एक हात थोडा वर आला.

"व्हय म्हाराजा," मथुरा म्हणाली.

भिकाजी सत्यवानाकडे वळला आणि वाट बघत राहिला. सगळे बघत होते, सावित्रीही बघत होती. सत्यवानाचे ओठ दोनदा उघडले. देव समोर होता, त्याच्या तोंडून व्हय येईना, आणि नायही येईना.